उतार नेमका असतो कुठे?

ग्वाल्हेरच्या लष्कर भागात, दाना ओली नावाच्या गल्लीत, सायकल मनसोक्त सोडून द्यायची सोय नाही. दोन्ही बाजूंच्या पायऱ्या वजा करून जो रस्ता उरतो, त्यावर स्कूटर, हातगाडी, पोतं पाठीवर घेतलेला हमाल आणि रवंथ करत बसलेली गाय यांचे हक्क कधीच ठरून गेलेत. पण याच ओलीतल्या एका माडीवर संध्याकाळी तीन-चार पोरं ताशी साठ किलोमीटरनं डोंगर उतरत असतात. जुन्या टीव्हीला जोडलेला कन्सोल, हातात कंट्रोलर, पडद्यावर सायकल आणि सायकलीपुढे नुसता उतार. एकजण खेळतो, बाकीचे निकाल देतात.

"स्पीड काही वाटतच नाही."

"सायकल तरंगते यार, वजनच नाही तिला."

"ब्रेक मारला की उलटते, नाही मारला की झाडावर."

"अरे मी नीट उतरलो होतो, तरी पाडलं! चीटिंग आहे ही."

घरातल्या मोठ्यांना ही नुसती कटकट वाटते. मला मात्र ही मतं वैद्यापुढे बसलेल्या रोग्याच्या तक्रारींसारखी वाटतात. रोगी कारण भलतंच सांगेल, पण दुखतं कुठे ते अचूक सांगतो. डोंगर उतरण्याच्या खेळांबद्दल जगभरचे खेळाडू जे भांडतात, त्यातली जवळजवळ प्रत्येक तक्रार आपल्या डोळ्याबद्दल, कानाबद्दल किंवा गुरुत्वाकर्षणाबद्दल काहीतरी खरं बोलत असते. आणि ते ऐकताना माझं तरी डोकं चक्रावून जातं. कारण मुळात त्या खोलीत उतार नाहीच. फरशी सपाट आहे, टीव्ही सपाट आहे, पोरं मांडी घालून बसली आहेत. मग पोटात गोळा येतो तो कशानं?

खऱ्या उतारावर शरीराला कलाची पहिली बातमी कानातून मिळते. अंतर्कर्णात एका चिकट पडद्यावर कॅल्शियम कार्बोनेटचे, म्हणजे चुन्याच्याच जातीचे, अतिसूक्ष्म खडे बसवलेले असतात. डोकं कललं की ते किंचित सरकतात, खालचे रोम वाकतात आणि मेंदूला खबर जाते. दाना ओलीतल्या माडीवर हे खडे जागचे हलत नाहीत. कान ठामपणे सांगतो, आपण बसलेलो आहोत. डोळा तेवढ्याच ठामपणे सांगतो, आपण कोसळतो आहोत. काहींना हा खटला सोसत नाही आणि पाच मिनिटांत मळमळायला लागतं. बाकीच्यांच्या मेंदूत डोळ्याची साक्ष ग्राह्य धरली जाते आणि खेळ सुरू होतो. म्हणजे गेम बनवणाऱ्याला उतार बनवता येत नाही. त्याला उताराचे पुरावे बनवावे लागतात.

त्यातला सर्वांत मोठा पुरावा वेगाचा. जेम्स गिब्सन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं दुसऱ्या महायुद्धात वैमानिकांच्या नजरेवर काम केलं आणि १९५० मध्ये पुस्तक लिहून मांडलं की चालत्या माणसाच्या डोळ्यावर सगळं जग एका ठरावीक रीतीनं वाहत असतं. आपण जिकडे चाललो तो बिंदू स्थिर राहतो आणि बाकी सगळं त्याच्यापासून बाहेरच्या बाजूला पसरत जातं, जवळचं झपाट्यानं, लांबचं सावकाश. वेगाची जाणीव मुख्यतः या वाहण्यातून येते. त्यात एक गंमत दडलेली आहे. जमीन डोळ्याखालून किती वेगानं सरकल्यासारखी वाटेल, हे नुसत्या वेगावर ठरत नाही. वेगाला डोळ्याच्या उंचीनं भागलं की जे येतं, ते आपल्याला जाणवतं. ताशी ६० किलोमीटर म्हणजे सेकंदाला साधारण १६.७ मीटर. डोळा दीड मीटर उंचीवर असेल तर दर सेकंदाला डोळ्याच्या उंचीच्या ११ पट जमीन मागे जाते. तोच डोळा अर्ध्या मीटरवर आणला की ३३ पट. सायकल तीच, डोंगर तोच, आकडा तोच, आणि वेग तिप्पट झाल्याचा भास!

म्हणून "स्पीड वाटत नाही" म्हणणाऱ्या पोराला सेटिंगमध्ये जाऊन कॅमेरा खाली आणायला किंवा हेल्मेटवरचा कॅमेरा निवडायला सांगावं. ग्वाल्हेरकराला हे पटवायला गिब्सनची गरजही नाही. ए.बी. रोडवर मोटारीत बसून साठचा काटा बघताना झोप येते, आणि ओलीतून कुणी वीसच्या वेगानं स्कूटर काढली तर आजी ओट्यावरून ओरडते, "मरशील रे!" भिंत हाताच्या अंतरावर असली की तिच्यावरची प्रत्येक खिडकी सटकन अंगावर येते. चिलीमधल्या वाल्पाराइसो शहरात २००३ पासून डोंगरावरच्या वस्तीतून, जिन्यांवरून आणि गल्लीबोळांतून खाली सायकली सोडण्याची शर्यत होते. तिची हेल्मेटवरून घेतलेली चित्रणं जगभर बघितली जातात. मोकळ्या पठारावरची शर्यत कदाचित जास्त वेगाची असेल, पण श्वास रोखायला लावते ती ही गल्लीतली.

दुसरा पुरावा कानाचाच, पण आतल्या खड्यांचा नव्हे, साध्या ऐकण्याचा. पायडल थांबवून सायकल सोडली की मागच्या चाकातून जो टिकटिक आवाज येतो, तो फ्रीव्हीलमधल्या खुंट्यांचा. आपल्याकडचे सायकलवाले त्यांना 'कुत्ते' म्हणतात, आणि पायडल रिकामं फिरायला लागलं की 'कुत्ते फेल' असं निदान करतात. समजा, चाकाच्या एका फेरीत २० टिकटिक होतात आणि चाकाचा घेर २.२ मीटर आहे. ताशी ८ किलोमीटरला सेकंदाला २० ठोके पडतील, कानाला जेमतेम सुटे ऐकू येतील असे. ताशी ४० ला १०० पडतील, आणि त्या ठोक्यांचा एक सलग सूर होऊन जाईल. वेग वाढला की सूर चढतो. चांगल्या गेममध्ये डोळे मिटले तरी सायकल किती सुटली आहे ते कळतं, ते या सुरावरून आणि टायरखालच्या खडीवरून. बर्लिनच्या मेगॅगॉन इंडस्ट्रीजनं २०१९ मध्ये काढलेल्या 'लोनली माउंटन्स: डाउनहिल'मध्ये तर डोंगर उतरताना पार्श्वसंगीतच नाही. पक्षी, पाणी, वारा, चाक आणि पडल्याचा आवाज. खेळाडू त्या शांततेचं भरभरून कौतुक करतात, आणि मला वाटतं त्यात नुसती रसिकता नाही. गाणं काढून टाकल्यामुळे त्यांच्या कानाला वेग मोजायला जागा मिळाली आहे. याच्या अगदी उलट त्याच वर्षी पूर्ण झालेला डच रेजस्क्विडचा 'डिसेंडर्स'. त्यात ड्रम अँड बेस धडधडत असतं आणि तेही अनेकांना हवंच असतं. तिथे वेग मोजायचा नसतो, त्यात वाहून जायचं असतं.

आता ब्रेक. माझ्या मते सगळ्यांत अन्यायकारकपणे शिव्या खाणारी गोष्ट हीच. "ब्रेक लागत नाहीत" हे म्हणणं उतारावर अक्षरशः खरं आहे, आणि पडद्याबाहेरही तितकंच.

सायकल आणि स्वार मिळून जो भार होतो, त्याचं केंद्र जमिनीपासून साधारण १.१ मीटर उंच आणि पुढचं चाक जमिनीला जिथे टेकतं तिथून ०.६५ मीटर मागे आहे असं धरू. पुढचा ब्रेक जितका जोरात दाबाल, तितका भार पुढे येतो, आणि एका हद्दीनंतर मागचं चाक उचलून स्वार हँडलवरून पलीकडे जातो. सपाट रस्त्यावर ही हद्द गुरुत्वाकर्षणाच्या ०.५९ पट मंदीवर येते. ताशी ४० वरून थांबायला साडेदहा मीटर पुरतात. आता हीच सायकल २० अंशांच्या उतारावर न्या. गुरुत्वाकर्षणाचा एक भाग सतत पुढे ओढतोय, तो आधी फेडावा लागतो. हाती उरते फक्त ०.२१ पट मंदी, आणि थांबायला लागतात जवळजवळ ३० मीटर. टायरची पकड शाबूत आहे असं धरून हे गणित. सुट्या मातीत टायर त्याआधीच घसरतो. वीस अंश ऐकायला किरकोळ वाटतात, पण ब्रेकची दोन तृतीयांश ताकद त्यांनी गिळलेली असते.

मग खरे स्वार काय करतात? बूड मागे आणि खाली. भाराचं केंद्र एक मीटरवर उतरवून ०.८ मीटर मागे नेलं, तर त्याच उतारावर, तशीच पकड मिळाली तर, १५ मीटरच्या आसपास थांबता येतं. एवढ्याशा हालचालीनं ३० चे १५! 'डिसेंडर्स'मध्ये कंट्रोलरवरची उजव्या हाताची काडी त्यासाठीच आहे: सायकल डावीकडच्या काडीनं वळते आणि स्वाराचं अंग उजवीकडच्या काडीनं हलतं. नवा खेळाडू उजवी काडी फक्त कसरतींसाठी वापरतो आणि ब्रेकला शिव्या घालतो. मुरलेला खेळाडू म्हणतो, ब्रेक चांगले आहेत. दोघं एकाच सायकलवर बसलेले नाहीत, इतकंच.

उतारावर सायकली सोडण्याच्या खऱ्या खेळाचा जन्मच मुळी ब्रेकच्या फजितीतून झाला. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी कॅलिफोर्नियातल्या फेअरफॅक्सजवळ काही तरुणांनी जुन्या, जाडजूड टायरच्या सायकली एका वनरस्त्यावरून घड्याळ लावून खाली सोडल्या. सुमारे दोन मैलांत १३०० फुटांचा उतार. ग्वाल्हेरचा किल्ला शहरापासून तीनशे फुटांच्या घरात उंच, म्हणजे असे चार किल्ले एकावर एक रचून त्यावरून खाली यायचं. त्या सायकलींना पायडल उलटं दाबलं की मागच्या चाकाच्या तुंब्यात लागणारा ब्रेक असे. एका फेरीत तो इतका तापायचा की आतलं ग्रीस धूर होऊन निघून जाई आणि पुढच्या फेरीआधी तुंबा उघडून नवं ग्रीस भरावं लागे. शर्यतीचं नावच 'रिपॅक' पडलं. गॅरी फिशर, जो ब्रीझ, चार्ली केली ही पुढे माउंटन बाइकच्या इतिहासात गेलेली नावं त्याच धुळीतली. १९९० मध्ये कोलोरॅडोतल्या ड्युरँगोला पहिली अधिकृत जागतिक स्पर्धा झाली, तोवर ग्रीसचा धूर बंद झाला होता.

"मी नीट उतरलो तरी पाडलं" ही तक्रार मला सर्वांत आवडते, कारण तिच्यामागचं उत्तर ऐकून मी स्वतः थक्क झालो होतो. उंचावरून उडी मारल्यावर लागतं किती, हे उंचीवर ठरतं असं आपण समजतो. तीन मीटरवरून, म्हणजे साधारण एका मजल्यावरून, सायकल सपाट जमिनीवर आपटली तर खरंच तीन मीटरचा दणका बसतो. पण समजा सायकल सेकंदाला दहा मीटरनं पुढे जात असताना कडा सुटला, आणि तीन मीटर खाली जिथे ती टेकणार तिथली जमीन ३० अंश उतरती आहे. खाली येईपर्यंत सायकलीची दिशा आडव्यापासून साडेसदतीस अंश खाली वळलेली असते. जमिनीचा कल आणि सायकलीची दिशा यांत उरतो फक्त साडेसात अंशांचा फरक, आणि दणका बसतो तो त्या फरकापुरताच. हिशेब केला तर तो निघतो १४ सेंटीमीटरवरून उतरल्याइतका. एक वीत सुद्धा नाही!

तीन मीटरचे चौदा सेंटीमीटर होतात आणि त्यासाठी ना स्प्रिंग लागते ना गादी, नुसता कोन जुळावा लागतो. आणि तो कोन दहा-वीस अंशांनी चुकला, उतार जिथे संपून सपाट होतो तिथे सायकल पोहोचली, की दिसायला तशीच असलेली उडी हाडं मोडते. गेममध्ये आतलं गणित हे फरक तपासतं, पण पोराला दिसते ती फक्त उडी. त्याच्या डोळ्यापुढे दोन्ही वेळा सायकल सरळ उभी होती, चाकं खाली होती. म्हणून तो म्हणतो चीटिंग. त्याला एकदा पुन्हा तीच उडी बाजूनं दाखवली तर तो स्वतःच म्हणेल, अरे, मी लांब गेलो.

'तरंगते' या तक्रारीचं मूळही हवेतच आहे, पण तिथे मात्र खेळाडूंची बाजू खरी असते. तीन मीटर खाली यायला निसर्ग पाऊण सेकंदापेक्षा जेमतेम जास्त वेळ देतो. एवढ्यात दोन कोलांट्या मारून, हात सोडून, परत धरून उतरायचं म्हटलं तर बोटांना वेळच पुरत नाही. मग गेम बनवणारा काय करतो? उड्यांचे कडे अवाढव्य करतो, नाहीतर गुरुत्वाकर्षण थोडं सैल सोडतो. ज्यानं कधी खरी सायकल उडवली आहे त्याच्या अंगाला हे सैल गुरुत्वाकर्षण ताबडतोब कळतं. ज्यानं नाही, त्याला तेच 'स्मूद' वाटतं. एकाच गेमला एकजण पाचपैकी पाच तारे देतो आणि दुसरा एक, ते अनेकदा इथून.

टीव्हीबद्दलही बोललं पाहिजे, कारण पुष्कळदा गेमवर काढलेला राग खरं तर टीव्हीवरचा असतो. चित्र सुंदर करण्याच्या नादात काही टीव्ही प्रत्येक चित्रावर इतकी प्रक्रिया करतात की बोट दाबल्यापासून पडद्यावर हालचाल दिसेपर्यंत सेकंदाचा दहावा भाग सहज जातो. ताशी ६० च्या वेगात तेवढ्यात सायकल पावणेदोन मीटर पुढे गेलेली असते. झाड चुकवायचं असेल तर हे पावणेदोन मीटर फार झाले. रिमोटवर गेम मोड सापडला की अशा टीव्हीवर खेळाचं 'कंट्रोल' एकदम सुधारतं. पोरं म्हणतात, नवीन अपडेट आलं वाटतं.

'डिसेंडर्स'बद्दलचं आणखी एक भांडण नशिबाचं. त्यातले मुख्य डोंगर कुणी बसून कोरलेले नाहीत. प्रत्येक फेरीला संगणक नवा डोंगर घडवतो. खेळाडूला आधी फक्त तीन गोष्टी सांगितल्या जातात: उतार किती तीव्र, वळणं किती, कसरतींच्या उड्या किती. काही फेऱ्यांमध्ये मिळून ठरावीक पडझड झाली की सगळा प्रवास पहिल्यापासून. असे डोंगर आकड्यांतून उगवण्याची कल्पना जुनी आहे. १९८२ च्या 'ट्रॉन' चित्रपटावर काम केलेल्या केन पर्लिनला संगणकाची चित्रं फार गुळगुळीत, यंत्रासारखी वाटली, म्हणून त्यानं त्यानंतर लगेचच गणितातून नैसर्गिक वाटणारा खडबडीतपणा काढायची युक्ती शोधली. १९९७ मध्ये तिला ऑस्करचा तांत्रिक पुरस्कार मिळाला. अशा युक्त्यांच्या मुळाशी एक बीज-आकडा असतो. तोच आकडा दिला की तोच डोंगर, शेवटच्या दगडापर्यंत, पुन्हा उगवतो. बत्तीस बिटांचा आकडा असेल तर चारशे कोटींहून जास्त डोंगर त्यात झोपलेले असतात, आणि त्यातला एकही कुठे साठवून ठेवलेला नसतो.

यावर मतं दोन टोकांची. एक म्हणतो, रस्ता पाठ करता येत नाही तर कौशल्य कसलं, सगळं नशीब. दुसरा म्हणतो, पाठ करता येत नाही म्हणूनच कौशल्य लागतं. मी दुसऱ्याच्या बाजूचा आहे. ओळखीच्या वाटेवर हात स्मरणानं चालतात. अनोळखी वाटेवर डोळ्याला पुढचं वळण वाचावं लागतं, आणि साधी प्रतिक्रिया द्यायलाही माणसाला पाव सेकंद लागतो. म्हणजे ताशी ५० च्या वेगात साडेतीन मीटर आंधळेच जातात. चांगला खेळाडू झपाट्यानं हात हलवतो म्हणून चांगला नसतो. तो लांबवर बघतो.

'लोनली माउंटन्स'मध्ये सगळं याच्या विरुद्ध. डोंगर हातानं घडवलेले, कायमचे तेच. पडलात की पटकन मागच्या टप्प्यावर, पुन्हा सुरू. तीच दरी, तेच वळण, पुन्हा पुन्हा, आणि मग कधीतरी पायवाट सोडून खडकावरून खाली जाणारी चोरवाट दिसते. पण कॅमेरा सायकलस्वाराच्या मागे नसतो. तो लांबून, स्वतःच्या ठरलेल्या मार्गानं बघत राहतो. कधी बाजूनं, कधी वरून, आणि कधी समोरून, तेव्हा स्वार आपल्याच दिशेनं येत असतो. "कॅमेराच दुश्मन आहे" हे वाक्य या गेमचं. समोरून येणाऱ्या स्वाराचं डावं म्हणजे आपलं उजवं. मग काडी डावीकडे ढकलली तर सायकल कुणाच्या डावीकडे वळायची?

बनवणाऱ्यांनी दोन्ही पर्याय देऊन ठेवले आहेत. एकात डावं-उजवं स्वाराचं, दुसऱ्यात पडद्याचं. आणि खेळाडूंमध्ये यावरून जे तट पडलेत ते मिटण्यासारखे नाहीत. ज्याला एक सवय लागली त्याला दुसरी शक्यच नाही असं वाटतं, आणि त्याचा अनुभव खोटाही नाही. अमेरिकन अभियंता डेस्टिन सँडलिननं २०१५ मध्ये एका सायकलचं चित्रण प्रसिद्ध केलं. तिचं हँडल डावीकडे फिरवलं की चाक उजवीकडे वळायचं. बाकी सायकल नेहमीची. उलट काय होतंय ते त्याला पूर्ण समजलेलं होतं, तरी ती चालवायला शिकायला त्याला आठ महिने लागले. त्याच्या लहान मुलाला दोन आठवडे लागले. नंतर सँडलिन साध्या सायकलवर बसला, तर तीही येईना. भर रस्त्यात वीसेक मिनिटं धडपडल्यावर जुनी सवय खटकन परत आली.

दाना ओलीतल्या पोरांनी यावर तोडगा काढलाय. ज्याची पाळी तो आधी सेटिंगमध्ये जाऊन आपलं डावं-उजवं लावून घेतो. पाळी संपल्यावर ते परत बदलून ठेवायचं विसरतो, आणि पुढचा पहिल्याच वळणावर दरीत जातो.